टाइल्स नव्या, नळी जुनी

रमजानच्या आधीचे दोन महिने, किंवा घरात लग्न ठरले की त्याच्या आधीचे दोन महिने. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, कोंढवा, मिरज, कुठेही जा, या दिवसांत आपल्या मोहल्ल्यांत कटर मशीनचा आवाज थांबत नाही. घराचे रिनोव्हेशन चाललेले असते. टाइल्स कोणत्या, यावर आठवडाभर चर्चा होते. ओट्याला काळा ग्रॅनाइट की पांढरा क्वार्ट्झ, ट्रॉल्या स्टीलच्या की प्लायच्या, हॉलच्या पीओपीत किती लाइट, यावर घरातला प्रत्येक पुरुष बोलतो. गॅसवर कोणी बोलत नाही. शेवटच्या दिवशी सुतार सामान आवरून निघायच्या तयारीत असतो, तेव्हा कोणाच्या तरी लक्षात येते की शेगडी जोडायची राहिली. मग पाण्याचे काम करणाऱ्या पोराला हाक जाते, "भाई, वो गॅस का भी देख ले." तो जुनीच नळी चढवतो, पाना फिरवतो, माचिस लावून दाखवतो. चहा होतो. पाहुणे येतात, किचनचे कौतुक होते.

त्या "भी देख ले"च्या विरोधात हा लेख आहे.

कारण काही घरांत पुढे काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पेपरात चार ओळी येतात, "सिलेंडरचा स्फोट." बहुतेक वेळा सिलेंडर फुटलेलाच नसतो, गळलेला गॅस खोलीत साठून पेटलेला असतो. मय्यतीच्या घरी बुजुर्ग म्हणतात, अल्लाह की मर्जी. तिथे मी गप्प बसतो, ती वेळ वादाची नसते. पण चाळिसावा झाल्यावरही कोणी विचारत नाही की नळी किती वर्षांची होती, पाइप कोणी हलवला, टेस्ट कोणी केली. "नशीब" म्हटले की कॉन्ट्रॅक्टर सुटतो, घरमालक सुटतो, पैसे वाचवणारा थोरला भाऊ सुटतो. सगळे सुटतात आणि दोष जातो अशा ठिकाणी, जिथे जाब विचारताच येत नाही. आधी उंट बांधण्याची हदीस मकतबातल्या पोरालाही पाठ असते. तीच पोरे मोठी होऊन घर बांधतात तेव्हा उंट मोकळा सोडतात आणि त्याला तवक्कल म्हणतात. माझ्या मते हा निव्वळ हलगर्जीपणा आहे आणि त्याला दीनदारीचे नाव देणे ही त्याहून वाईट गोष्ट आहे.

आता मुद्द्याचे बोलू. आपल्या घरांत दोन प्रकारचा गॅस येतो आणि रिनोव्हेशन करणाऱ्या दहातल्या नऊ जणांना त्यातला फरक माहीत नसतो. सिलेंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, म्हणून गळला की खाली बसतो, पाण्यासारखा फरशीवर पसरतो, ओट्याखाली आणि कपाटाच्या तळाशी साचतो. पाइपातून येणारा पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो आणि वर चढतो, छताखाली जमतो. खोलीतल्या हवेत एलपीजीचे प्रमाण २ टक्के झाले तरी ठिणगी पुरते. मिथेनला ५ टक्के लागतात.

हे एवढे कळले की नव्या किचनमधल्या निम्म्या चुका आपोआप दिसू लागतात. सिलेंडर दिसायला नको म्हणून तो चारही बाजूंनी बंद ट्रॉलीत कोंडतात. जड गॅस तिथेच साचणार. दाराला तळाशी जाळी किंवा भोके हवीत, आणि सुताराला ती सांगितल्याशिवाय तो ठेवत नाही, कारण त्याला फिनिशिंगची पडलेली असते. पीएनजी असलेल्या घरात उलटे होते. किचनलाही पीओपीचे सीलिंग करतात, वरची जुनी जाळी त्यात बुजवतात, आणि सीलिंगच्या वरच्या पोकळीत लाइटच्या वायरी सोडतात. हलक्या गॅसला साठायला जागा तयार, ठिणगी पण तिथेच. बाल्कनी आत घेऊन किचन मोठे केले आणि सरकत्या काचा लावल्या, तर एसी नसतानाही घर डब्यासारखे बंद होते. पूर्वीच्या चाळीतल्या किचनला दाराखाली फट होती, खिडकीला काच नव्हती. ती गरिबी होती हे खरे, पण त्या फटीने किती जीव वाचवले असतील!

पाइप भिंतीत गाडण्याचे वेड तर वेगळेच. भिंतीला झिरी मारायची, तांब्याचा पाइप आत घालायचा, वरून सिमेंट आणि टाइल. दिसायला साफ. सहा महिन्यांनी दुसरा सुतार येतो, त्याला पाइप कुठून गेलाय ते माहीत नसते, तो कपाटासाठी ड्रिल मारतो. तांबे मऊ असते. लोखंडी पाइप असेल तर तो भिंतीतल्या ओलीने आतल्या आत गंजतो. बंद भिंतीतली गळती जिथे सुरू होते तिथेच वास येईल असेही नसते. गॅस पोकळीतून वाट काढतो आणि भलत्याच खोलीत निघतो. गॅस कंपन्या ग्राहकांना पाइप झाकू नका, कोंडू नका, हे वारंवार सांगतात ते यासाठी. पाइप भिंतीवरून, डोळ्यांसमोरून जाऊ द्या. वाईट दिसतो? दिसू द्या.

पाण्याचा प्लंबर हा वाईट माणूस नाही, पण पाण्याची आणि गॅसची शिस्त वेगळी असते. पाण्याचा सांधा टिपकला तर खाली बादली ठेवता येते. गॅसचा सांधा टिपकला तर दिसत नाही. पाण्याचे काम संपल्यावर प्लंबर नळ सोडून बघतो आणि जातो. गॅसच्या लाइनला प्रेशर टेस्ट लागते: सगळे कॉक बंद करून लाइनमध्ये हवा भरायची, गेज लावायचे, आणि काटा खाली सरकतो का ते ठरावीक वेळ थांबून बघायचे. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस. माचिसने गळती शोधणारे वीर अजूनही आहेत, त्यांना हात जोडून घराबाहेर काढा. आणि ही टेस्ट सगळे कपाटकाम व्हायच्या आधी होते. ट्रॉल्या बसल्यावर ती करायला कोणीच तयार होत नाही.

एक चूक तर इतकी साधी आहे की लिहिताना राग येतो. शेगडी या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली की जुन्या जागी पाइपाचे तोंड उरते. बरेच जण फक्त तिथला कॉक बंद करून समोर फ्रिज लावतात. फ्रिज सरकवताना कधीतरी कॉकला धक्का बसतो, किंवा लहान मूल तो फिरवते. त्या तोंडाला धातूचा प्लग हवा, आवळून बसवलेला आणि टेस्ट केलेला.

हे सगळे भीती घालायला सांगतोय असे वाटत असेल तर लंडनची गोष्ट ऐका. तिथे रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत होती, गरीब आणि कामगार कुटुंबांसाठी पालिकेने बांधलेली, नवी कोरी. लोक राहायला येऊन दोनच महिने झाले होते. १६ मे १९६८ रोजी पहाटे अठराव्या मजल्यावरच्या एका बाईने चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला. भिंतीचा पॅनल बाहेर फेकला गेला, आणि इमारतीचा एक पूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांसारखा कोसळला. ४ माणसे मेली, १७ जखमी झाली. ज्या बाईने काडी ओढली ती वाचली. चौकशीत कारण निघाले शेगडीच्या जोडणीतला पितळेचा एक नट. निकृष्ट, पातळ नट. इमारत तशी बांधणे हा इंजिनियरांचा गुन्हा होताच, त्यावरून ब्रिटनचे बांधकामाचे नियम बदलले. पुढे तिथे गॅसचे काम पैसे घेऊन करणाऱ्याने सरकारमान्य नोंदणीत असलेच पाहिजे असा कायदा झाला. आज ती नोंदणी गॅस सेफ रजिस्टर नावाने चालते. आपल्या सहा मजली इमारतींचा विचार करा. कुठली भिंत भार पेलते हे न विचारता हॉल मोठा करण्यासाठी भिंत पाडणारे आपणच, आणि शिळफाट्याची इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून ७४ माणसे गेली तेव्हा हळहळणारेही आपणच. तुमच्या किचनमधला नट हा तुमच्या घरचा खासगी मामला नाही. वरच्या मजल्यावरची खाला आणि खालच्या मजल्यावरचा पानवाला यांचाही त्यात जीव आहे.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची, आणि ती आपल्याला जास्त ओळखीची वाटेल. मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेज भागात एका मालकिणीने जास्त भाड्यासाठी वरचे फ्लॅट नवे करून घेतले. वरच्या मजल्यांची गॅस लाइन मंजूर व्हायची होती. वाट कोण बघणार? खालच्या हॉटेलच्या मीटरवरून चोरून लाइन ओढली गेली. कंपनीला कळले, गॅस बंद झाला, मग आणखी लपवून दुसरी जोडणी केली. ज्याच्याकडे लायसन्स होते त्या प्लंबरने फक्त आपले नाव वापरायला दिले, काम दुसऱ्याने केले. २६ मार्च २०१५ रोजी तपासनीस येऊन गेले आणि त्यानंतर थोड्याच वेळात स्फोट झाला. तीन इमारती जमीनदोस्त, दोन तरुण ठार. एक हॉटेलात काम करणारा, एक जेवायला आलेला. २०१९ मध्ये ज्युरीने मालकीण, कॉन्ट्रॅक्टर आणि प्लंबर तिघांना मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. तिथे कोणी नशीब म्हणून फाइल बंद केली नाही. "नाव याचे, काम त्याचे, लाइन चोरून" हा हिशेब मात्र आपल्याकडच्या कुठल्याही गल्लीत बसवून बघा, फिट बसतो.

आणि यात एक गोष्ट आहे जी आपल्या पोरांनी नीट ऐकावी. किचनमध्ये कोण उभे असते? अम्मी, वहिनी, बहीण. रमजानमध्ये पहाटे चार वाजता, रात्रभर बंद असलेल्या घरात, अर्धवट झोपेत सहरीसाठी पहिले बटण दाबणारी आणि पहिली काडी ओढणारी तीच. रात्रभर गळती झाली असेल तर गॅस तेव्हाच सगळ्यात जास्त साठलेला असतो. ओट्याच्या ग्रॅनाइटचा रंग तिला विचारतात आणि त्यालाच आपण तिचा मान समजतो. पाइप कुठून जाणार, कॉक तिच्या हाताला येईल का, हे तिला विचारत नाहीत. मुख्य कॉक ट्रॉलीच्या मागे, वाकून हात घातला तरी न पोहोचणाऱ्या जागी, असे किचन मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिले आहे. तो कॉक घाईत एका हाताने, स्टूल न घेता बंद करता आला पाहिजे. हे ठरवण्याचा हक्क जिच्या कपड्यांना आधी आग लागणार आहे तिचा आहे.

गॅस गीझरबद्दल थोडे जास्त बोलावे लागेल, कारण रिनोव्हेशनमध्ये तो हमखास येतो. विजेचे बिल वाचते म्हणून लाइन बाथरूमपर्यंत नेतात आणि गीझर आतच टांगतात. नव्या बाथरूमला खिडकी लहान, पाहुण्यांसमोर बरे दिसावे म्हणून एक्झॉस्टची जागाही बंद. गीझर जळताना ऑक्सिजन खातो, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड बनवतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही, डोके जड होते, पाय लटपटतात, मग खाली. थंडीत दरवर्षी अशा बातम्या येतात: आंघोळीला गेलेली मुलगी बाहेर आली नाही, दार तोडले. तिथे गळती नव्हती, स्फोट नव्हता, कुणाला वासही आला नव्हता. गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत लावा, गरम पाण्याचा पाइप आत न्या. तशी जागा नसेल तर विजेचा घ्या. आंघोळ महाग पडेल.

आता हरकती. पहिली: आपल्या वस्तीत कंपनी येते कुठे? ही हरकत खरी आहे. ज्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र नाही, सोसायटी नोंदलेली नाही, त्यांच्या नावावर कुठलीही सोय मिळवणे कठीण जाते. आपल्या कित्येक इमारती अशाच आहेत, काही बिल्डरांच्या लबाडीने, काही आपण डोळे मिटून घर घेतल्याने. बिल्डरला आणि महापालिकेला याचा जाब विचारलाच पाहिजे. पण जुनी नळी बदलायला कुठले प्रमाणपत्र लागते? सिलेंडरच्या कपाटाला जाळी ठेवायला कोणाची मंजुरी लागते? सरकारच्या अन्यायावर तासभर बोलणारा आपला कार्यकर्ता घरी जाऊन ओट्याखाली वाकत नाही, ही माझी तक्रार आहे.

दुसरी: अर्ज केला तर महिना लागतो. लागतो. म्हणून अर्ज टाइल्स उखडल्यावर न करता कॉन्ट्रॅक्टर ठरवतानाच करायचा. मुंबई, ठाणे, रायगडात महानगर गॅस आहे, पुण्यात आणि नाशकात एमएनजीएल आहे. मीटर कंपनीचा, पाइप हलवायचे काम कंपनीने पाठवलेल्या माणसाचे, त्याची फी असते आणि पावती मिळते. सिलेंडरवाल्यांनी आपल्या एजन्सीचा मेकॅनिक बोलवावा. सिलेंडरवरून पीएनजीवर गेलात तर शेगडीचे नोझल बदलावे लागते. दोन्ही गॅसचा दाब वेगळा, उष्णता वेगळी. जुन्याच नोझलने ज्योत नीट मिळत नाही. मग लोक नोझलला सुई घालून भोक मोठे करतात. असे करू नका.

तिसरी हरकत कोणी तोंडावर बोलत नाही, पण मनात असते: आमच्याकडे कागदच सरळ नाहीत, चौकशी नको. सिलेंडर भावाच्या नावावर, वापरतो आम्ही. घरातून टिफिन आणि बिर्याणीचा धंदा चालतो, त्याला घरगुती सिलेंडर लावलाय आणि एका नळीला टी जोडून दोन शेगड्या. त्या घरातली बाई कष्ट करून चार पैसे कमावते, तिला गुन्हेगार म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पण तिला हे सांगायला हवे की घरगुती १४.२ किलोचा सिलेंडर धंद्याला वापरणे कायद्याने बंद आहे, त्यासाठी १९ किलोचा वेगळा मिळतो. आणि तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा उतरवलेला असतो, मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपयांपर्यंत. तो नोंदलेल्या ग्राहकासाठी आणि नोंदलेल्या पत्त्यासाठी असतो. भावाच्या नावावरच्या सिलेंडरला ते दार बंद होऊ शकते. भिवंडीत लूमच्या खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरू पोरांकडे पत्त्याचा पुरावा नसतो, म्हणून ते गल्लीतल्या टपरीवर मोठ्या सिलेंडरमधून लहान टाकीत गॅस भरून घेतात. पत्त्याच्या पुराव्याशिवाय, फक्त ओळखपत्रावर ५ किलोचा सिलेंडर कायदेशीर मिळतो. इंडियन ऑइलने त्याला छोटू असे नावही दिले आहे. हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. जुम्याला मशिदीबाहेर चंद्याच्या घोषणा होतात, त्यात हे एक वाक्य बसणार नाही का?

मग पोरांनो, कॉन्ट्रॅक्टर घरी येईल तेव्हा मध्ये बोला. अब्बू म्हणतील, तुला काय कळते, बोला तरी. कोटेशनमध्ये गॅसची वेगळी ओळ लिहून घ्या. काम कोण करणार, प्रेशर टेस्ट कधी, हे विचारा. काटा स्वतः बघेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. सुताराला पाइपाचा फोटो देऊन ठेवा, पुढच्या ड्रिलला कामाला येईल. वास आला तर लाइटचे बटण चालूही करायचे नाही आणि बंदही करायचे नाही, फ्रिजला हात लावायचा नाही. रेग्युलेटर किंवा कॉक बंद, दारे-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि फोन बाहेर जाऊन. सिलेंडरच्या गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालतो. तो अम्मीच्या मोबाइलमध्ये तुम्हीच सेव्ह करून द्या.

रिनोव्हेशन चालू नसले तरी या रविवारी एक काम होण्यासारखे आहे. सिलेंडरच्या वरच्या कडीला आतून पट्टी असते, तिच्यावर एक अक्षर आणि वर्ष असते. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी म्हणजे जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ती पुढच्या तपासणीची तारीख. उलटून गेलेली असेल तर सिलेंडर परत करा. मग नळी बघा. नारंगी, आतून तारेची, आयएसआय छापलेली, दीड मीटरपेक्षा लांब नसलेली, मध्ये कुठे जोड नसलेली आणि भिंतीतून आरपार न गेलेली. तिच्यावर वर्ष छापलेले असते आणि आयुष्य पाच वर्षांचे. वरून प्लास्टिकचे कव्हर चढवले असेल तर काढा, भेगा त्याखालीच लपतात. छापलेले अक्षर बारीक असते, ओट्याखाली वाकून मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. अर्थात वास येत नसेल तरच.